बरगडीत भरलेली उसण
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्य’ एवढाच शब्द घातलेला आहे. तेवढ्या अफाट विषयातून मी एकच लहानशी गोष्ट बोलण्यासाठी निवडली आहे. एखादी वेडीवाकडी हालचाल होते, छातीत अकस्मात कळ निघते आणि मनुष्य जागच्या जागी खिळून राहतो. तिच्याविषयी मला सांगावयाचे आहे. मी वैद्य नव्हे, आपणांसारखाच शिक्षक आहे. परंतु हे दुखणे मी स्वतः भोगले आहे, आणि त्यानंतर त्याविषयी जे वाचले ते एका वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतले आहे.

तीन वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात पुणे जिल्ह्याचा नकाशा टांगावयाचा होता. खुंटी उंच. स्टूल शेजारच्या वर्गात गेलेले. टाचा उचलून, डावा हात ताणून मी नकाशाची दोरी खुंटीत अडकवू लागलो, आणि तेवढ्यात मागे बसलेल्या दोन मुलांना दटावण्यासाठी मान व खांदे उलट दिशेला वळविले. त्याच क्षणी छातीच्या मध्यरेषेपासून दोन बोटे डावीकडे सुई टोचल्यासारखी चमक निघाली. श्वास अर्ध्यावर अडकला. पुरा घ्यावा तर कळ, सोडावा तर कळ. माझे वय तेव्हा ४९ होते. वडील हृदयविकाराने गेलेले. मनात काय आले असेल ते सांगावयास नको. खुर्चीवर बसलो तेव्हा हात कापत होते, आणि ते दुखण्याने नव्हे, भीतीने.

शेजारच्या वर्गावरील बाईंनी वेळ न दवडता मला रुग्णालयात पोहोचते केले. तेथे कार्डिओग्राम काढला, काही तासांनी पुन्हा काढला, रक्तही तपासले. सर्व ठीक निघाले. मग डॉक्टरांनी एका बोटाने उरोस्थीच्या कडेने हळूहळू दाबत यावयास आरंभ केला. एका ठिकाणी बोट टेकताच मी ओरडलो. “हेच ते दुखणे ना?” त्यांनी विचारले. मी मान हलविली. “मग हे भिंतीचे दुखणे आहे, घरातले नव्हे,” ते म्हणाले. छातीची भिंत आणि छातीचे आतले घर हा भेद त्या एका वाक्याने मला जितका समजला तितका पुस्तके वाचूनही समजला नसता.

दुसऱ्या दिवशी गावात परतलो तो प्रत्येकाजवळ निदान तयार होते. कोणी म्हणे गॅस, कोणी म्हणे शिरेवर शीर चढली, आणि जाणती मंडळी एकमताने म्हणत होती, उसण भरली. उसणीवरचा रामबाण उपाय आपणां सर्वांस ठाऊक आहेच: पायाळू माणसाची लाथ! गावातला उपलब्ध पायाळू म्हणजे माझ्याच शाळेतला चौथीचा विद्यार्थी निघाला. त्याच्या आजीने त्याला हाताला धरून आणले आणि गुरुजींना पाय लावावयास सांगितले. पोर शरमेने लाल होऊन जे पळाले ते दोन दिवस शाळेकडे फिरकले नाही. उसण मात्र दोन-अडीच आठवड्यांत आपोआप गेली. त्याने लाथ मारली असती तर यश त्याच्या पायाकडे गेले असते, आणि अशी दुखणी बहुधा आपणहून बरी होत असल्यामुळेच असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात.

आता ही भिंत कशी असते ते पाहू. माणसास बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. सर्व बरगड्या मागे कण्याच्या मणक्यांशी लहान लहान सांध्यांनी जोडलेल्या आहेत. पुढच्या बाजूस वरच्या सात जोड्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, तुकड्यांनी उरोस्थीस थेट मिळतात; आठवी, नववी व दहावी यांच्या कूर्चा आपल्या वरच्या कूर्चेस चिकटतात; आणि शेवटच्या दोन जोड्यांची टोके मोकळीच असतात. दोन बरगड्यांमधील फटींत स्नायूंचे पातळ थर ताणून बसविलेले आहेत. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू पाठीकडून पुढे येतो, आणि त्यामुळे पाठीतील सांध्यात काही बिघडले तरी कळ पुष्कळदा पुढे छातीत जाणवते. घंटा दारात वाजावी आणि बटण मागच्या अंगणात दाबलेले असावे, तसा हा प्रकार.

ही भिंत स्थिर नाही. वर्गात शिकविण्यास सोपे जावे म्हणून सांगतो. हापशाची दांडी एका टोकाशी खिळलेली असून दुसऱ्या टोकाने वर-खाली होते. वरच्या बरगड्या तशाच मागे खिळलेल्या राहून पुढच्या टोकाने उचलल्या जातात. खालच्या बरगड्यांचे काम बादलीच्या कडीसारखे. आडवी पडलेली कडी उचलली म्हणजे ती वर येते आणि बाहेरही येते, आणि त्यामुळे श्वास घेताना छाती रुंदावते. ही तुलना माझी नव्हे. शरीरशास्त्राच्या ग्रंथांतूनही पंपाची दांडी व बादलीची कडी असेच दाखले दिलेले असतात. मुलांना हापशापाशी नेऊन हा पाठ दिला तर तो त्यांच्या कायम लक्षात राहील.

मोठा मनुष्य शांत बसला असता मिनिटास सुमारे पंधरा वेळा श्वास घेतो. दिवसाचे गणित केले तर आकडा २०,००० च्या पुढे जातो. तितक्या वेळा हे सांधे, कूर्चा आणि स्नायू हलत असतात. पाय मुरगळला तर पाय उशीवर ठेवून स्वस्थ पडता येते. बरगडीस विसावा देता येत नाही. शरीर एकाच वेळी ताणले आणि पिळले गेले, किंवा बेसावध असताना जोराची शिंक, खोकला वा झटका आला, म्हणजे बरगड्यांमधील स्नायूचे काही धागे ताणले जातात वा तुटतात. कधी बरगडी व कूर्चा यांचा सांधा दुखावतो, तर कधी खालच्या बरगडीचे सैल टोक वरच्या बरगडीखाली सरकून मज्जातंतूस डिवचते. कूर्चेच्या जागी दुखऱ्या सुजेसह होणाऱ्या एका विकारास टीत्से या जर्मन शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. साध्या दुखण्यात सूज दिसत नाही, केवळ दाबले असता दुखते.

कूर्चा आणि स्नायू क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाहीत. बरगडीस बारीक तडा गेला असेल तर तोही साध्या चित्रात पुष्कळदा सुटतो. म्हणून ‘फोटो स्वच्छ आला, आता सोंग पुरे,’ असे कोणास म्हणू नये. शाळेत म्हणू नये, आणि घरी सुनेस तर मुळीच म्हणू नये.

आपल्या भागात हे दुखणे सर्वांत अधिक कोणाच्या वाट्यास येत असेल, याचा विचार करता माझ्या डोळ्यांपुढे उसाचा फड येतो. दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणी कामगार उतरतात आणि नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात खोपी उभ्या राहतात. त्यांची मुले आपल्या पटावर येतात, निदान यावीत अशी आपली खटपट असते. तोडलेल्या उसाची मोळी जुन्या मापाने मणभर तरी भरावी. ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून मालमोटारीत चढावयाचे, तेही पुष्कळदा रात्री आणि दहिवरात. पाय निसटला की माणूस ओझे सावरण्यासाठी अंग पिळतो, आणि छातीच्या भिंतीस तेवढेच पुरते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांतील एक बसला तर खाडा पडतो, उचल फिटत नाही. त्यांस ‘पंधरा दिवस विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे आहे. माझ्या वर्गातील एका मुलीच्या आईस असे झाले तेव्हा मी मुकादमास भेटून एवढेच विनविले की, तिला दोन आठवडे मोळी उचलावयास न लावता पाचट काढण्यास व मोळ्या बांधण्यास ठेवावे. त्याने ऐकले. प्रत्येक मुकादम ऐकेलच असे नाही; पण गुरुजींनी विचारले तर नाही म्हणणे त्यास थोडे जड जाते, आणि आपल्या पदाचा एवढा उपयोग आपण अवश्य करावा.

उपचाराविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी अशा दुखण्यात छाती फडक्याने किंवा चिकटपट्टीने आवळून बांधीत असत. अजूनही खेड्यांतून उपरणे कचकचून बांधण्याची चाल आहे. आता वैद्यक ते नको म्हणते. बांधलेली छाती पुरती फुलत नाही, फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, आणि विशेषतः वृद्धांस त्यातून न्यूमोनिया जडतो. उलट तासातासाने चार-पाच दीर्घ श्वास मुद्दाम घ्यावेत, दुखले तरी सोसेल इतके. खोकताना किंवा शिंकताना उशी अथवा घडी केलेली चादर दुखऱ्या जागी धरून ठेवावी. याने किती आराम पडतो ते अनुभवावाचून कळणार नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो. ज्या हालचालीने दुखणे उद्भवले ती काही दिवस टाळावी. वेदनाशामक गोळ्यांपैकी पॅरासिटामॉल साधारणतः निर्धोक, तीही योग्य मात्रेत. अधिक तीव्र गोळ्या पोटास व मूत्रपिंडास बाधतात. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाने, पाणी पुरेसे न पिता, दुकानातून मिळेल ती गोळी रोज घेऊन कामास जाणे धोक्याचे आहे. मुका मार लागून जागा दुखत असेल तर तेल चोळून रगडणे नको. ताणलेला स्नायू काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सुधारतो; बरगडीस तडा असेल तर सुमारे सहा आठवडे लागतात; कूर्चेचे दुखणे कधी कधी कित्येक महिने अधूनमधून डोके वर काढते.

येथवर मी धीर दिला. आता माझ्या बोलण्याचा जो खरा हेतू आहे त्याकडे येतो.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक पालक होते, पन्नाशीच्या आतले, मधुमेह असलेले. एके सकाळी विहिरीवरची मोटर वर ओढीत असता त्यांच्या छातीत दुखू लागले. त्यांनी स्वतःच ठरविले की उसण भरली. ओढाताण झालेलीच होती, म्हणून घरच्यांसही ते पटले. कोणी पाठ चोळून दिली, कोणी ओव्याचे पाणी दिले. दुपारी पायाळू शोधून आणला. सायंकाळपर्यंत अंगास घाम सुटत होता, तोही उकाड्याचा समजला गेला. रात्री इंदापुरास नेले तेव्हा कळले की हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून बारा तास होऊन गेले होते. प्राण वाचले, परंतु हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. आता त्यांना घरापासून पाणंदीपर्यंत चालले तरी धाप लागते. मुलगा दहावीनंतर शिकावयाचा होता, तो शेतावर गेला. मी त्या मुलाचा पहिलीपासूनचा शिक्षक. मी त्या दिवशी दुपारी त्यांच्या घरावरून गेलो होतो, ‘उसण भरलीय’ हे ऐकले होते, आणि ‘होईल बरी, मलाही झाली होती’ असे म्हणून पुढे गेलो होतो.

बंधुभगिनींनो, माझी उसण खरी होती म्हणून त्यांचीही खरी असेल असे मी धरून चाललो. ही चूक आपणांपैकी कोणाच्या हातून होऊ नये.

भिंतीचे दुखणे आणि घरातले दुखणे यांत फरक पुष्कळ असतो. भिंतीचे दुखणे बहुधा एका बोटाने दाखविता येते. ते टोचते, आणि कूस बदलली, वळले, खोल श्वास घेतला वा जागा दाबली की वाढते. हृदयाचे दुखणे दाखवावयास मनुष्य पुरा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. ते टोचण्यापेक्षा दाबल्यासारखे, आवळल्यासारखे, छातीवर पोते ठेवल्यासारखे असते. खांदा, डावा हात, जबडा किंवा पाठ यांकडे पसरते, आणि त्याबरोबर घाम, मळमळ, धाप, डोळ्यांपुढे अंधारी येते. परंतु लक्षात घ्या, हा फरक आपण निदान करण्यासाठी वापरावयाचा नाही. दाबल्यावर दुखले म्हणजे हृदय निर्दोष असे सिद्ध होत नाही. तो केवळ एक दिलासा आहे, आणि तोही तपासणी झाल्यानंतरचा. मधुमेही माणसांत, स्त्रियांत आणि वृद्धांत हृदयविकार पुष्कळदा छातीत दुखल्यावाचून केवळ धाप, थकवा वा ‘गॅस’ या रूपाने येतो. म्हणून चाळिशी उलटलेला मनुष्य, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू अथवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेला कोणीही, छातीत दुखते म्हणाला तर आधी कार्डिओग्राम आणि मग उसण, हा क्रम सोडू नये. १०८ या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीस सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. रोग्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली रीत जेवढी टाळता येईल तेवढी टाळावी.

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते तेव्हा आपल्या शाळांतून वारकरी उतरतात. फुगडीत हात निसटून बरगडी दुखावलेली माणसे त्यांत असतात, आणि दिवसभर चालून छाती भरून आलेली म्हातारी माणसेही असतात. ‘गुरुजी, काहीतरी लावायला द्या,’ असे दोघेही म्हणतात. मलम देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: घाम सुटला आहे काय, आणि श्वास लागतो काय?

आणखी दोन गोष्टी ओझरत्या सांगतो. बरगडीच्या रेषेत एकाच बाजूस आग झाल्यासारखे दुखून तीन-चार दिवसांनी तेथे पुरळाचे पुंजके उठले तर ती नागीण होय. तिची तोंडे जुळली तर माणूस दगावतो ही समजूत खोटी. पण पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर फार लाभ होतो, हे खरे. उंच, सडपातळ तरुणास अकस्मात एका बाजूस कळ येऊन धाप लागली तर फुप्फुसातून हवा छातीच्या पोकळीत निसटलेली असू शकते; त्यास ताबडतोब न्यावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते.

शेवटी आपल्या मुलांविषयी. आठ-दहा वर्षांचे मूल वहीवर वाकून लिहीत असता एकाएकी छातीवर हात ठेवते, चेहरा कसनुसा करते, श्वास रोखून बसते. आणि मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा हसू-खेळू लागते. आपण घाबरतो, नाहीतर लबाडी समजून रागावतो. या दोन्हींची गरज नाही. मिलर व टेक्सिडोर या अमेरिकी वैद्यांनी १९५५ मध्ये या चमकेचे वर्णन केले. ती विसाव्याच्या वेळी, विशेषतः पोक काढून बसले असता, डाव्या स्तनाग्राजवळ एक-दोन बोटांएवढ्या जागेत येते आणि क्षणात जाते. हृदयाशी तिचा संबंध नाही व पुढे तिचे काही उरत नाही. मुलास ताठ बसवावे, हळूच एक दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे, पाठीवरून हात फिरवावा. खाली मांडी घालून गुडघ्यावर वही धरून लिहिणाऱ्या वर्गात मुलांना दर अर्ध्या तासाने उभे करून हात वर ताणावयास लावले तर फार चांगले. मात्र मूल धावता धावता छाती धरून थांबत असेल, भोवळ येऊन पडत असेल, छाती फार धडधडते असे सांगत असेल, ताप व धाप असेल, किंवा त्याच्या घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर पालकांस बोलावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तपासणी होईपर्यंत त्यास धावण्याच्या शर्यतीत घेऊ नये. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा अशा मुलांची नावे आधीच कागदावर लिहून ठेवावीत. पथकाच्या घाईत ती आपल्या ध्यानात राहत नाहीत.

तोडणी कामगारांच्या मुलींची गोष्ट थोडी निराळी आहे. धाकट्या भावंडास दिवसभर एकाच कडेवर घेऊन त्यांच्या बरगड्या दुखतात. बाळास वर्गात आणू द्यावे, खाली सतरंजीवर बसू द्यावे. त्यामुळे मुलगीही शाळेत टिकते.

मला दिलेली वेळ संपली आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास मधल्या सुट्टीत अवश्य विचारावे. मला जे ठाऊक नसेल ते मी वैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारून पुढील सभेत सांगेन.